चांगूबायचं भेव

बँकेच्या नोकरीत कर्ज बुडवून ताठ मानेनं फिरणारे मी ढिगानं पाहिले. कर्ज वेळेच्या आधी फेडून वर थरथर कापणारं माणूस मात्र एकच पाहिलं, ती बाळकुमची चांगूबाय. हप्ता पाच तारखेचा असला की ही बाई दोन तारखेला, शटर उघडायच्या आधी, बँकेच्या पायरीवर बसलेली असायची. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, हातात कापडाची पुरचुंडी. आमचा शिपाई नाक मुरडत आत यायचा आणि म्हणायचा, "साहेब, तुमची म्हशीवाली आलीय." कॅशियर नोटा मोजत असेपर्यंत ही खिडकीचा गज धरून उभी. पावती हातात पडली की ती उलटीसुलटी करून मला विचारायची, "सायब, आता म्हयनाभर कोन येनार नाय ना?"

"कोण येणार?"

"कोन बी."

हे 'कोन बी' कोण, ते मला पुढे कळलं. तिचा नवरा एका व्यापाऱ्याकडून उधारीवर म्हशी घ्यायचा. तो वारला आणि तेराव्याचं जेवण चालू असताना तो व्यापारी ट्रक घेऊन आला आणि पंगतीसमोरून अकरा जनावरं सोडून घेऊन गेला. कागदावर नवऱ्याचा अंगठा होता, कुणी काही बोलू शकलं नाही. तेव्हापासून या बाईनं कागदाचा धसका घेतला तो घेतलाच. उरलेल्या सहा म्हशींवरून तिनं एकटीनं तबेला अडतीसवर नेला, पण कुणी पांढरं पाकीट घेऊन दारात आला की हिच्या तोंडचं पाणी पळायचं. पुष्कळदा ते लग्नाचं आमंत्रण असायचं.

मी तेव्हा ठाण्याच्या शाखेत शेतीकर्जं बघायचो. ऐंशीचं दशक सरत आलेलं. ठाण्यात कसली आलीय शेती, म्हणून सगळे हसायचे. पण खाडीकडेनं भाजीचे मळे होते, कोंबड्या होत्या, आणि तबेले तर होतेच. राहायला मी डोंबिवलीत, कोपरला, भाड्याच्या दोन खोल्यांत. नोकरी नवीन, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि दहा म्हशींचं चांगूबायचं कर्ज मी माझ्या सहीनं मंजूर केलेलं. ते बुडालं तर साहेब मला कुठल्या जंगलात टाकतील याची मी रोज रात्री अंथरुणात काळजी करायचो. म्हणजे भित्र्याची भित्र्याशी गाठ पडली होती. फरक एवढाच की ती आपली भीती बोलून दाखवायची आणि मी टाय लावून हिंडायचो.

पाहणीला दर महिन्याला जावं लागायचं. बाळकुमला तेव्हा इमारती अजून यायच्या होत्या, नुसत्या येणार येणार म्हणून बातम्या होत्या. तबेल्यात शिरलं की अमोनियाचा वास डोळ्यांत जायचा. चांगूबाय पहाटेची धार आटोपली की रांगेतून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची आणि प्रत्येक म्हशीचा कान मुठीत धरायची. कान गरम लागला तर ताप. थर्मामीटर होता, डॉक्टरांनी दिलेला, तो तिनं देवाजवळ ठेवला होता.

हिशोबाची तिची रीत अशी, की तिला रुपये कळत नव्हते असं नाही, पण तिचा विश्वास पेंडीच्या गोणीवर होता. जगातल्या सगळ्या वस्तूंची किंमत ती गोणीत लावायची. पंखा म्हणजे तीन गोणी. मुलाला, महेशला, मोटारसायकल हवी होती, तिचं उत्तर ठरलेलं: "त्याच्यान वरसाची पेंड येतं. गारी काय दूद देल?" प्रत्येक म्हैस रोज किती खाते आणि किती देते हे तिला तोंडपाठ होतं. म्हैस आटली, की आजूबाजूचे तबेलेवाले ती कत्तलखान्याला देऊन उधारीवर ताजी घेत. ही तिला मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याकडे अर्धलीनं पाठवायची. त्यानं चारायची, ती गाभण राहून व्याली की निम्मी किंमत त्याला द्यायची आणि म्हैस परत आणायची. मी एकदा कागदावर मांडून बघितलं, तर ताजी म्हैस विकत घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडत होतं. मी मोठ्या कौतुकानं तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "सस्ताईचं नाय वो. जिचं दूद इकलं तिला सुरीखाली दिली तं तलतलाट लागल. मना भेव वाटतं."

तिचं सगळंच असं. धंद्यातले शहाणपणाचे म्हणावेत असे तिचे सगळे निर्णय भीतीपोटी घेतलेले असायचे. आणि मी येडा, त्याला व्यवस्थापन म्हणायचो.

पाण्याची गोष्ट तर सगळ्या ठाण्याला ठाऊक असायला हवी होती. तिच्याकडे रामदुलार नावाचा जौनपूरकडचा गडी होता, वीस वर्षांचा जुना. एकदा सकाळी दूध थोडं कमी भरलं म्हणून त्यानं रतिबाच्या कॅनमध्ये दोन तांबे पाणी ओतलं. सगळे ओततात, त्यात काय. हिला दुपारी कळलं. तोवर दूध घराघरांत जाऊन त्याचा चहा होऊन पोटात गेलेला. पाणी घातलं की म्हशीच्या थानात पाणी उतरतं अशी तिची पक्की समजूत. दुसऱ्या दिवशी ती स्वतः कॅनबरोबर निघाली आणि दारोदार सांगत सुटली, "काल पानी परलं व्हतं दुदान. कालचं पैसं देव नका." नौपाड्यातल्या एका आजींनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, बरं वाटत नाही का तुला? पुढच्या महिन्यात बारा नवे रतीब लागले. मी म्हटलं, बाय, काय डोकं चालवलंत. तिला खरंच कळलं नाही मी काय म्हणतोय ते.

पण हीच भीती एके दिवशी उलटी फिरली. त्याची सुरुवात बिल्ल्यांपासून झाली.

बँकेच्या कर्जातल्या म्हशींचा विमा उतरवायचा, तर प्रत्येकीच्या कानात नंबराचा पत्र्याचा बिल्ला ठोकावा लागतो. म्हैस मेली तर बिल्ल्यासकट तो कान कापून दाखवायचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही. हे मी तिला नीट समजावून सांगितलं आणि तिथंच चूक झाली. कान कापायचा म्हटल्यावर तिनं पदर तोंडाला लावला.

"म्हंजी आदीच मरनाचा नंबर लावून ठेवाचा?"

"अहो, नियम आहे. मरावी म्हणून नाही, मेली तर म्हणून."

"तेच ना. मेली तं, मेली तं बोलत रायलं की ती मरतं."

आठ दिवस ती ऐकेना. शेवटी गावदेवीला नारळ फोडला, दहाही म्हशींना गुळाचा खडा भरवला, आणि बिल्ले ठोकताना स्वतः तोंड फिरवून उभी राहिली. त्या दहांत मैना नावाची एक होती, पाठीवर तांबूस केस असलेली, हिनं लांब मेहसाणा बाजूनं आणवलेली. ती बाकी कुणाला धार देत नसे. तिच्या कानात बिल्ला बसला तेव्हा चांगूबाय माझ्याकडे वळून म्हणाली, "सायब, तुमच्या सबदावर." माझ्या शब्दावर काय, ते मी विचारलं नाही. सही करायचे कागद पुष्कळ होते.

पुढच्या ज्येष्ठात सरकारी डॉक्टर घटसर्पाची लस टोचायला आले. पावसात हा रोग येतो. म्हशीचा गळा सुजतो, श्वास घरघरतो, आणि सकाळी धार दिलेलं जनावर संध्याकाळी आडवं होतं. लस फुकट होती. विम्यासाठी बँकेच्या दहा म्हशींना ती सक्तीची होती, त्या टोचल्या. बाकीच्या अठ्ठावीस म्हशींना मात्र तिनं हात लावू दिला नाही. टोचलं की दोन-तीन दिवस दूध कमी येतं हे खरं, आणि दूध कमी आलं तर रतीब तुटतील या भयानं ती अर्धी झाली होती. शिवाय सात म्हशी गाभण होत्या, त्या गाभ टाकतील ही दुसरी धास्ती. डॉक्टर वैतागले. मला म्हणाले, "तुम्ही सांगा तिला." मी सांगितलं, पण जोर लावून सांगितलं नाही. दूध कमी म्हणजे हप्ता कमी, हा हिशोब माझ्याही डोक्यात होताच की.

श्रावणात शेजारच्या तबेल्यात पहिली म्हैस पडली. दुसऱ्या दिवशी चांगूबायची. निरोप आला तसा मी धावत गेलो. ती रांगेतून कान धरत पळत होती. हो, पळतच होती. एका टोकाला पोचली की परत पहिल्यापासून. "ही गार हाय, ही गार हाय, ही..." आणि मध्येच थांबली की रामदुलार खाली मान घालायचा. डॉक्टर इंजेक्शनं देत होते, काही वाचल्या. तीन दिवसांत पाच गेल्या. पाचही दुभत्या, आणि पाचही बिनबिल्ल्याच्या. टोचलेल्या दहाही जणी रवंथ करत उभ्या होत्या.

आता मामला काय होता ते सरळ सांगतो. पाच म्हशींचे पैसे कुठूनही मिळणार नव्हते. उरलेल्या घाबरून दूध चोरत होत्या, आणि रोगाचं नाव ऐकून निम्मे रतीब बंद झालेले. दोन हप्ते चुकले की बँकेची नोटीस जाणार, आणि नोटीस गेली की तबेल्याची जागा घ्यायला टपलेला एक बिल्डर होताच. महेशला त्यानं दोनदा चहाला बोलावलेलं. बाईची वीस वर्षांची कमाई त्या आठवड्यावर लटकली होती. तिच्या शेपटाला माझी नोकरीही होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पंचनाम्यासाठी गेलो. पाचवी म्हैस अंगणात ताडपत्रीखाली होती. डॉक्टर दुसऱ्या तबेल्यात गेले होते, कागद करायला चार वाजता परत येणार होते. महेशनं मला पाण्याच्या हौदामागे नेलं.

"साहेब, एक बोलू? जित्या म्हशीचा बिल्ला काढून हिच्या कानात बसवला तर कोणाला कळणार? सगळ्या काळ्याच तर हायेत. बिल्ला थोडा वाकेल, बस."

असं लोक करतात हे मला ठाऊक होतं. माझं काम होतं त्याला तिथल्या तिथे झापण्याचं. मी काय केलं? मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "डॉक्टर चारला येतात."

बस, एवढंच. पण महेश हुशार होता, त्याला पुरलं.

त्यानं आईला सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "सायब, असं करतात?" मी खाडीकडे बघत राहिलो. मग ती हळूच म्हणाली, "कंची घेतंस?" महेश म्हणाला, मैना. तिचाच बिल्ला सैल होता.

मैना गरीब गाईसारखी उभी राहिली. चांगूबायनं तिचा कान धरला, महेशनं पक्कड बिल्ल्याला लावली आणि पिळली. कानाच्या कडेला रक्ताचा एक थेंब आला. तो बघितला आणि चांगूबायनं कान सोडून दिला. तिनं पोराच्या हातावर फटका मारला. पक्कड शेणात पडली.

"नको. नको. ही जित्ती हाय. जित्तीला मेली लिवाची? लिवलं तं ती मरल. जागा जाव दे, सगलं जाव दे, मना नको."

"आई, येडी झालीस का? नुसता कागद हाय तो."

"कागूदच तं हाय," ती म्हणाली, आणि मैनेच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचा राग आला होता. प्रामाणिकपणाचा आला असता तर एक वेळ ठीक होतं. मला तिच्या भित्रेपणाचा राग आला. चार वाजता डॉक्टर आले, बिनबिल्ल्याची म्हैस म्हणून कागद झाला, त्यावर मी सही केली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बँकेत रामदुलारचा फोन आला. "साब, मैना गई."

मला आधी कळलंच नाही. टोचलेली म्हैस कशी जाईल? रिक्षा करून गेलो. मैना तिच्या जागीच पडली होती, गळा सुजलेला, जीभ बाहेर. डॉक्टर तिथेच होते. ते म्हणाले, एखाद्या जनावराला लस लागत नाही, रोग दोन-तीन दिवसांपूर्वीच अंगात शिरला असणार, कालची काही गोष्ट नाही. हे त्यांनी मराठीत सांगितलं, रामदुलारसाठी हिंदीत सांगितलं, पुन्हा मराठीत सांगितलं. चांगूबायच्या कानापर्यंत ते गेलंच नसावं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं माझी आई म्हणायची. मला ती नुसती म्हण वाटायची. त्या दिवशी, बी.कॉम. झालेल्या मलाही ती खरी वाटली, आणि डॉक्टरांचं शास्त्र ऐकताना मी मान हलवत होतो ती उगाच.

पंचनामा खरा होता. बिल्ला जागेवर होता, थोडा वाकलेला. डॉक्टरांच्या माणसानं कान कापला, मी नंबर लिहून घेतला. निघताना चांगूबाय भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपून तिगांनी मनात आनलं, सायब."

"असं काही नसतं, बाय."

"मी पन आनलं. कंची घेतंस, मीच बोलली ना." मग थोड्या वेळानं, "पन तुमी शिकलेलं. तुमी नाय बोलाचं व्हतं."

भरपाई दोन महिन्यांत आली. त्यातून चुकलेला हप्ता भरला गेला, पुढचे दोन आगाऊ जमा झाले, नोटीस निघाली नाही. बिल्डर हात हलवत गेला. तबेला वाचला. साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि वसुलीच्या तक्त्यात माझं नाव वरच्या ओळीत लागलं. चांगूबाय मात्र पुन्हा बँकेत आली नाही. हप्ता घेऊन रामदुलार यायचा, तीन दिवस आधीच. मी त्याला विचारायचो, बाय कशीय? तो म्हणायचा, "ठीक है साब. पर अब कान नहीं छूती. मुझको बोलती है, तू देख, मेरा हाथ खराब है."

मी पाहणीला जायचं टाळत होतो. काही ना काही निमित्त काढायचो, बाळ आजारी आहे, वर्षअखेरीचं क्लोजिंग आहे. पण पुढच्या वर्षी माझी कल्याणला बदली झाली, आणि कार्यभार देण्याआधी प्रत्येक कर्जाची शेवटची पाहणी करून कागद ठेवायचा होता. मग गेलो. दुपारची वेळ होती. बाहेरच्या रस्त्यावर खडी पडली होती, पलीकडे कुणाच्या तरी इमारतीचे खांब वर आले होते.

मी फाटक ढकललं. आवाज ऐकून चांगूबाय आतून आली आणि फाटकात आडवी उभी राहिली. वाळलेली दिसत होती. मी म्हटलं, "बाय, बदली झाली माझी. शेवटचं बघून जातो म्हशी."

ती बाजूला झाली नाही. तिनं दोन्ही हात जोडले. मला वाटलं नमस्कार करतेय. "सायब, तुमी नका बगू," ती म्हणाली. "तुमचं काय वाईट नाय. पन तुमी नका बगू त्यांच्याकरं."

तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी सहन केला असता. व्यापाऱ्याचा ट्रक दारात आला असेल तेव्हा ती ज्या नजरेनं बघत असेल, त्या नजरेनं ती माझ्याकडे बघत होती. आता मी तिच्या 'कोन बी'पैकी एक झालो होतो. दारापासच्या म्हशीनं आवाज ऐकून मान बाहेर काढली, तर चांगूबायनं लगबगीनं डोक्यावरचा पदर काढून तिच्या तोंडावर टाकला, आणि तो तसाच धरून उभी राहिली.

मी फाटकाबाहेर रस्त्यावर थांबलो. रामदुलार आत फिरून बिल्ल्यांचे नंबर मोठ्यानं ओरडत होता, मी यादीवर एकेक खूण करत होतो. नऊ झाले. मग मी फाइल गुडघ्यावर ठेवून लिहिलं: आज रोजी तबेल्यात जाऊन नऊ म्हशींची प्रत्यक्ष पाहणी केली, सर्व निरोगी आहेत. खाली सही केली, तारीख टाकली आणि बस पकडली.